गोकुळदासची पायरीवाली

दिनांक १७ फेब्रुवारी २०२५ रोजी गोकुळदास परब यांनी म्हापशाच्या एका शोरूममध्ये एक लाख चार हजार सहाशे पन्नास रुपये एकरकमी भरले आणि चुकीची मोटरसायकल घेतली. रक्कम मला नक्की माहीत आहे, कारण ती आमच्या पतसंस्थेतल्या त्यांच्या मुदत ठेवीतून गेली आणि धनादेशावरची दुसरी सही माझी होती. गाडी चुकीची होती हेही नक्की माहीत आहे, कारण त्या गाडीच्या मागच्या सीटवर रोज मी बसतो.

कागदावर मी त्याला 'परब' आणि 'यांनी' म्हणतो. एरवी तो माझ्यासाठी गोकुळदास आणि मी त्याच्यासाठी दत्ता. वयानं तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण सातवीत आम्ही एका बाकावर आलो आणि अहो-जाहो तिथेच संपलं. आमचं गाव कोरगाव. मी बी.कॉम. होऊन पतसंस्थेत चिकटलो, पेडणे शाखेत हिशेबनीस झालो, आता निवृत्तीला थोडे महिने राहिलेत. गोकुळदास पायलट झाला.

गोव्यात मोटरसायकलवरून भाड्यानं माणसं नेणाऱ्याला पायलट म्हणतात. गाडी काळी, पुढचा मडगार्ड पिवळा. पेडण्याच्या बाजारात त्यांचा स्टँड आहे, आणि तिथे गोकुळदास तीस वर्षांहून जास्त काळ उभा आहे. मला गाडी चालवता येत नाही. शिकायचं राहून गेलं. सकाळी कोरगावातून पेडण्याला जाताना तो मला घेऊन जातो, संध्याकाळी आणून सोडतो. त्याच्या पाठीमागे बसून माझी नोकरी झाली.

त्याची चालवण्याची एक पद्धत आहे. तो खांबासारखा ताठ बसतो. गुडघे टाकीला चिकटवत नाही, ऐसपैस ठेवतो. सरळ रस्ता लागला की डावा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवतो आणि मान जराशी मागे वळवून बोलत राहतो: कुणाच्या बागायतीत गवे शिरले, कुणाचा मुलगा विमानतळावर लागला, पंचायतीत काय झालं. कुणाला घाईनं मागे टाकत नाही. उतारावर ब्रेक असा दाबतो की मागच्याला कळूही नये. पेडण्यातल्या म्हाताऱ्या बायका स्टँडवर आल्या की नंबर कुणाचाही असो, आधी गोकुळदास कुठे आहे ते बघतात. बाकीचे पायलट त्यावरून त्याला चिडवतात, 'म्हातारेंचो ड्रायव्हर' म्हणतात, आणि त्याला ते आवडतं.

जुनी गाडी एकोणीस वर्षं चालली. तिचा सांगाडाच गंजला तेव्हा नवी घेणं आलं. घेण्यासारख्या दोनच होत्या, आणि त्या दोन्ही एकाच कंपनीच्या. इंजिन तेच, चाकं तीच, किंमतही तीच, पेट्रोलही तेवढंच खाणाऱ्या. फरक बसण्यात होता. पहिलीची सीट एकसंध, लांब, सपाट. हँडल उंच आणि जवळ. पाय सरळ खाली टेकणारे. पायलट लोक तिला पाटवाली म्हणायचे, कारण जेवायच्या पाटावर बसल्यासारखं वाटतं. दुसरीची सीट दोन तुकड्यांची. चालवणारा खाली, मागचा एक पायरी वर. हँडल बुटकं, पाय ठेवायच्या दांड्या मागे सरकवलेल्या, त्यामुळे चालवणारा पुढे झुकतो. ती पायरीवाली. कॉलेजातले मुलगे पायरीवाली घेतात.

गोकुळदासनं पाटवाली घ्यायची हे स्टँडवर सगळ्यांना ठाऊक होतं. गोकुळदासलाही ठाऊक होतं. तो ती घ्यायलाच म्हापशाला गेला. सोबत त्याचा मुलगा गौरेश आणि चेक घेऊन मी.

गौरेश तुयेच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. शांत मुलगा आहे, बापावर जीव आहे. त्याचं म्हणणं साधं होतं. पपांनी आता स्टँड सोडावा. मोपाचा विमानतळ झाल्यापासून हमरस्ता पूर्वीचा राहिलेला नाही; भाड्याच्या गाड्या घेतलेले पर्यटक उलट्या बाजूनं येतात. जानेवारीत स्टँडवरच्याच एका पायलटाचा पाय मोडला. आणि गोकुळदासच्या कमरेतल्या एका मणक्याबद्दल डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच काहीतरी सांगितलं होतं. घराला एक स्कूटर पुरे, असं गौरेश वर्षभर सांगत होता. गोकुळदास ऐकत होता आणि स्टँडवर जात होता.

शोरूममध्ये तनया नावाची मुलगी होती. चांगली बोलणारी, हसरी. तिनं गोकुळदासकडे बघितलं, पाटवालीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अंकल, तुमच्यासाठी ही. वयस्कर लोकांना हीच बरी पडते. पाठीला त्रास नाही."

ती खरं बोलत होती. तेवढ्यात गौरेश हसून म्हणाला, "हीच द्या. हिच्यावर निदान घरी बसल्यासारखं तरी वाटेल त्यांना."

गोकुळदासनंही पाटवालीवर हात ठेवला होता, तो त्यानं काढला. पलीकडे गेला, पायरीवालीवर टांग टाकली आणि चावी मागितली. शोरूमच्या मागच्या रस्त्यावर तो एक फेरी मारून आला. चेहऱ्यावर वारा लागला होता, केस उडाले होते, आणि खरं सांगायचं तर तो दहा वर्षांनी लहान दिसत होता. उतरून म्हणाला, "ही."

मी मध्ये पडलो. दोन्हीवर बसून बघ म्हटलं, मलाही मागे घेऊन बघ. तो म्हणाला, तुका हापिसात न्हेवचो आसा, लग्नात नाय. सगळे हसले आणि मीही चेक पुढे केला. तीस वर्षं पाठीमागे माणूस बसवून ज्यानं गाडी चालवली, त्यानं गाडी पारखली ती मागची सीट रिकामी ठेवून.

तनया मात्र नीट मुलगी. तिला शंका आली असावी. नोंदणीचे कागद आठ दिवसांनी जायचे होते. तोवर मन बदललं तर बदलून देऊ, फक्त गाडी आहे तशी ठेवा, असं तिनं निघताना सांगितलं. गोकुळदासनं ते ऐकलं आणि म्हापशाहून घरी न जाता सरळ रंगाऱ्याकडे गेला. मडगार्ड पिवळा केल्याशिवाय त्याला गाडी आपली वाटत नाही. स्टँडवर सगळ्यांचीच ती रीत आहे, नवी गाडी आधी पिवळी करायची आणि मग घरच्यांना दाखवायची. संध्याकाळी अंगणात आली तेव्हा ती पायलटाची झाली होती, आणि परत जायची वाट तिथे बंद झाली.

दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं होतं.

आमच्याकडे नवं काहीही आणलं की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्यानं बोलणं. गावकर, म्हणजे देवळाचा मानकरी, एकेक मागणी मांडत जातो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दरवेळी ऐकून म्हणतात असं नाही. गावकराचा सूर खाली आला की तोंडातून येतंच. लहानपणापासूनची सवय.

गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गावकरांनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. ह्या तुझ्या लेकरानं नवी गाडी तुझ्या पायाशी आणली आहे, तिला रस्त्यावर राखणदार हो. व्हय म्हाराजा. मागं बसेल त्याला सुखरूप पोचव. व्हय म्हाराजा. वाकड्या नजरेचा कोणी असेल त्याची नजर सरळ कर. व्हय म्हाराजा. मग गौरेश पुढे झाला आणि त्यानं गावकरांच्या कानात काहीतरी सांगितलं. गावकरांनी मान हलवली आणि त्याच सुरात पुढे म्हणाले:

"आणि म्हाराजा, चवथीच्या आत ह्येची पाठ दुखली, तर स्टँड सोडून घराक बसूची बुद्धी ह्येका दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी म्हणालो, गोकुळदासची बायको सुमंगलावहिनी म्हणाल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं गोकुळदास म्हणाला.

नारळ फुटला. पाणी गाडीच्या चाकावर पडलं. त्यानंतर गोकुळदासच्या लक्षात आलं. तो गौरेशकडे बघत राहिला.

गौरेश म्हणाला, "देवासमोर बोललात, पपा. आता मी काही बोलणार नाही." आणि तो खरोखर काही बोलला नाही. त्या दिवसापासून घरात स्टँडचा विषय बंद झाला. गौरेशनं तो देवावर सोपवला होता.

बाहेरच्या माणसाला यात हसू येईल. आमच्या गावात येत नाही. देवापुढे 'व्हय' म्हटलेलं मोडायचं नसतं, आणि गोकुळदास ते मोडणाऱ्यांतला नव्हता. गणेश चतुर्थी सत्तावीस ऑगस्टला होती. तोवर पाठ दुखता कामा नये. दुखली तर तीस वर्षांचा स्टँड गेला.

पाठ पहिल्याच आठवड्यात दुखली.

हे त्यानं मला सांगितलं नाही. मला ते मागच्या सीटवरून कळलं. पायरीवालीची मागची सीट उंच असते आणि पुढे कललेली असते. जुन्या गाडीवर मी माझा मी बसायचो. या गाडीवर जरा ब्रेक लागला की मी घसरून त्याच्या पाठीवर जायचो, आणि माझं सगळं वजन त्याच्या कमरेवर. त्यात तो पुढे वाकलेला, म्हणजे त्याचं स्वतःचं वजन मनगटांवर. कितीही हळू ब्रेक दाबला तरी उतार तो उतारच. आमच्या रस्त्यावर उतार कमी नाहीत.

डावा हात आता मांडीवर येईना. हँडल बुटकं असल्यामुळे एका हातानं तोल राहत नव्हता. मान मागे वळेना. गप्पा बंद झाल्या. कोरगाव ते पेडणे आम्ही न बोलता जायला लागलो, दोन अनोळखी माणसं बसमध्ये शेजारी बसावीत तसे.

आणि मोरीवरचा थांबा सुरू झाला. रस्त्यात चढ संपतो तिथे पावसाचं पाणी रस्त्याखालून जायला एक मोरी आहे. मार्चपासून गोकुळदास रोज तिथे गाडी थांबवायचा. मला उतरवायचा, स्वतः उतरायचा, वाकून अंगठ्यानं मागचं टायर दाबून बघायचा. मग हळूहळू सरळ व्हायचा, एक हात कमरेवर ठेवून, डोंगराकडे बघत. मी विचारलं, दुखतं का. तो म्हणाला, "टायरात वारो कमी आसा."

दुसऱ्या दिवशीही टायरात हवा कमी होती. तिसऱ्या दिवशीही. मे महिन्यात मी विचारायचं सोडलं. तो टायर दाबायचा, मी रुमालानं चष्मा पुसायचो.

सुमंगलावहिनी दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसतात. घरामागचं जे येईल ते विकतात: तांबडी भाजी, मुळे, मिरच्या, नंतर काजूबिया, आंबे. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या गाडीवरून गेल्या, मांडीवर टोपली घेऊन, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. पहिल्या शुक्रवारी त्या पायरीवालीवर बसल्या. धारगळच्या उताराला टोपली गोकुळदासच्या डोक्याला लागली आणि मिरच्या रस्त्यावर गेल्या. म्हापशात उतरून त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तुमच्या ह्या पायरीर माका परत बसूचा नाय. मी बशीन येतलंय."

पुढच्या शुक्रवारपासून त्या बसनं जायला लागल्या. गोकुळदास त्यांना बस थांब्यापर्यंतही सोडायचा नाही. त्या चालत जायच्या आणि तो अंगणात गाडी पुसत राहायचा. मला वाटतं, पाठीपेक्षा त्याला ते जास्त लागलं. पण बोलला एक शब्द नाही. बोलला असता तर बोलण्यातून पाठ निघाली असती.

घरी तो पाटावर न बसता खुर्चीवर जेवू लागला. विचारलं तर म्हणे, गुडघे. गुडघ्यांबद्दल गाऱ्हाण्यात काही नव्हतं.

मी त्याला एकदा हिशेब मांडून दाखवायचा प्रयत्न केला. गाडी विकली तर किती घट येईल, स्टँड सोडला तर व्याजावर घर कसं चालेल. तो सगळं ऐकून म्हणाला की हिशेब बरोबर आहे, आणि उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला तयार राहा.

जुलैअखेर एक गोष्ट झाली. विमला बाई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत. पेन्शन काढायला त्या वर्षानुवर्षं गोकुळदासच्या गाडीवरून जातात. त्या दिवशी स्टँडवर उतरल्या, पैसे दिले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "गोकुळदास, पुढल्या महिन्यात मी दुसऱ्याची गाडी बघते. राग तुझा नाही हो. गाडीचा आहे." मी बाजूला उभा होतो म्हणून ऐकलं. गोकुळदासनं मान हलवली. त्या गेल्यावर तो बराच वेळ गाडीला टेकून उभा राहिला. त्याचा नंबर आला आणि गेला.

संध्याकाळी मोरीवर त्यानं टायर दाबलं नाही. नुसताच सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "दत्ता, तुझी मीटिंग कधी आसा डिचोलीक?"

आमच्या संस्थेचं मुख्य कार्यालय डिचोलीला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मला तिथे ताळेबंद घेऊन जायचं होतं. नेहमी मी बसनं जातो. त्या वेळी गोकुळदास म्हणाला, मी नेतो. कोलवाळ, थिवी, अस्नोडा करत आम्ही गेलो. मधे तीनदा टायर बघितलं.

माझं काम अकरापर्यंत संपलं. मग तो मला गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडकडे घेऊन गेला. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचे ट्रक तिथे ओळीनं उभे राहायचे. शेडमध्ये सखाराम होता. मूळचा दोडामार्गचा, खाणीच्या दिवसांत ट्रकच्या सीटा शिवायला आला आणि खाणी थांबल्या तरी राहिला. बोलायला बसला तर समोरच्याला जागा देत नाही असा माणूस. त्यानं आम्हाला सांगितलं की डिचोली तालुक्यातल्या अर्ध्या ट्रकवाल्यांची पाठ त्याच्यामुळे शाबूत आहे आणि उरलेल्या अर्ध्यांनी त्याचं ऐकलं नाही.

गोकुळदास म्हणाला, मागची सीट खाली घ्यायची आहे आणि सगळी सपाट करायची आहे.

सखारामनं गाडीभोवती एक फेरी मारली. "म्हणजे दुसरी गाडी करूची आसा," तो म्हणाला. "मग तीच कित्याक घेतलंस नाय?"

"शिवतलंस काय बोलतलंस?"

सखाराम हसला. मग त्यानं कोपऱ्यातून ओल्या रेतीनं भरलेलं पोतं ओढून आणलं, फळीवर सपाट केलं आणि गोकुळदासला त्याच्यावर बसायला सांगितलं. गाडीवर बसतो तसं, हात पुढे धरून. माप घ्यायची ही त्याची तऱ्हा. गोकुळदास उठल्यावर रेतीत खळगे राहिले, त्यातला डावा जास्त खोल. सखारामनं बोटं घालून बघितलं आणि म्हणाला, माणूस एका अंगावर भार टाकतो, म्हणजे दुसरं अंग दुखतं. "दुखता मा?"

गोकुळदास म्हणाला, "सीट शिव."

मग माझी पाळी. कार्यालयातल्या इस्त्रीच्या पँटनं मी ओल्या रेतीवर बसलो. उठलो तेव्हा सखारामनं माझ्या खळग्यांकडे बघून सांगितलं की हा खुर्चीवर बसून पगार घेणारा आहे, त्याला कुठलीही सीट चालेल. दोघेही माझ्यावर हसले. गोकुळदासला हसताना मी कित्येक महिन्यांनी बघितलं.

"आणखी कोण बसता?" सखारामनं विचारलं. "घराकडली?"

"ती बशीन जाता," गोकुळदास म्हणाला.

सखारामनं मान डोलावली आणि कापड मोजायला घेतलं.

सीट होईपर्यंत शेजारच्या गॅरेजात बाकीचं काम झालं. पाटवालीचं हँडल तिथे मिळालं. गाड्या बहिणी-बहिणी असल्यामुळे ते पायरीवालीवर बसलंही. पायाच्या दांड्या एक लोखंडी पट्टी लावून पुढे आणल्या. दुपारपर्यंत गाडी तयार झाली. दिसायला विचित्र होती: टाकी तरण्या पोराची, सीट म्हाताऱ्याची. टाकीवरचे लाल पट्टे, त्याच्यामागे लांब, काळी, सपाट सीट. आणि त्या सीटवर आडवा एक पट्टा शिवलेला, मागच्यानं धरण्यासाठी, जाड कापडी, ट्रकच्या दाराला असतो तसा.

"पट्टो मी सांगूक नव्हतो," गोकुळदास म्हणाला.

"जाणा मी."

"मग त्येचे पैशे मी देवचंय नाय."

"नको देव," सखाराम म्हणाला. "जी धरतली ती देयत."

गोकुळदासनं बाकी सगळे पैसे मोजून दिले आणि पट्ट्याचे दिले नाहीत. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून मी मध्ये पडलो नाही.

परतताना तो ताठ बसला होता. थिवीच्या पुढे सरळ रस्ता लागला. त्याचा डावा हात हँडलवरून उठला आणि मांडीवर आला. मग मान जराशी वळली आणि तो म्हणाला, पंचायतीत काय झालं ते तुला कळलं का. पंचायतीतलं ते प्रकरण एप्रिलमधलं होतं. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

स्टँडवर दुसऱ्या दिवशी सगळे जमले. काय गोकुळदास, पायरी उतरलास, असं एकानं म्हटलं. दुसरा म्हणाला, म्हाताऱ्या घोड्याला खोगीर नवं. आणि तिसऱ्यानं नेमकं विचारलं की पाठ दुखत होती म्हणूनच ना. गाऱ्हाण्याची गोष्ट तोवर पेडणेभर झालेली होती.

"दुखत होतां ता गाडयेक," गोकुळदास म्हणाला. "तिका मी डाक्तराकडे न्हेलंय."

स्टँडवर तेवढ्यावर भागलं. घरी भागलं नाही. गौरेशनं गाडी बघितली, सीटवरून हात फिरवला आणि आत गेला. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं गोकुळदास मला नंतर म्हणाला. विचारलं ते सुमंगलावहिनींनी, जेवताना, मुलासमोर. "स्टँडार काय सांगलास ता माका कळलां," त्या म्हणाल्या. "देवाक काय सांगतलास?"

त्यानं ताटातला भात संपवला. त्या आठवड्यात तो मोरीवर थांबायचा, आता टायर न दाबता. पाठ दुखत नव्हती. काहीतरी जुळवत होता.

चतुर्थीच्या आधीच्या गुरुवारी त्यानं आम्हाला देवळात बोलावलं. मी, वहिनी, गौरेश, आणि गावकर. त्यानं नारळ आणला होता. गाऱ्हाणं घालायचं आहे म्हणाला, पण गावकरांना म्हणाला की आज तुम्ही नको, मी बोलतो. गावकर घुटमळले. तशी रीत नाही, असं त्यांनी सांगितलं. गोकुळदास म्हणाला, गेल्या खेपेला माझ्या तोंडात दुसऱ्यानं शब्द घातले. या खेपेला माझे मला बोलू द्या. गावकरांनी गौरेशकडे बघितलं, मग नारळ गोकुळदासच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

त्याला गावकरांचा सूर येत नव्हता. स्टँडवर बोलतो तसाच बोलला.

"देवा म्हाराजा, माझी पाठ दुखली. पयल्या आठवड्यापासून दुखली. मी कोणाक सांगलंय नाय, तुका सांगतंय. गाडी मी चुकीची घेतलंय, ती माझ्या मस्तीन घेतलंय, आणि मीच ती सुधारलंय. पण त्या दिवशी 'व्हय' म्हटलां ता माझ्या तोंडान म्हटलां, मी म्हटलंय नाय. स्टँड मी सोडूचंय नाय. हात चलता, डोळो दिसता आणि मागचो माणूस भियत नाय, तोवर मी चलवतलंय. मागचो भियालो त्या दिवशी चावी मीच हाडून हय ठेवतलंय, कोणी सांगूक नको. तुका राग इलो तर माझ्यार काढ. मागे बसता त्येच्यार नको."

तो थांबला. नारळ हातात तसाच.

गाऱ्हाण्यात इथे सगळ्यांनी म्हणायचं असतं. कुणी म्हटलं नाही. या वेळी प्रत्येकानं शब्द ऐकले होते, आणि ऐकल्यावर ते तोंडातून सहज येत नाही. गावकर जमिनीकडे बघत होते. मी तोंड उघडलं, पण मला वाटलं की पहिला आवाज माझा असू नये.

"व्हय म्हाराजा," सुमंगलावहिनी म्हणाल्या.

मग मी म्हणालो. मग गावकर. गौरेश काही म्हणाला नाही. गोकुळदासनं नारळ फोडायला कोयता शोधला, तो खांबाआड होता. गौरेश गेला, कोयता घेऊन आला आणि बापाच्या हातात दिला. पात्याकडून स्वतः धरून, मुठीकडून पुढे केला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. चतुर्थीच्या आधीचा म्हापशाचा बाजार, म्हणजे माटोळीचा बाजार. गणपतीच्या वर टांगायची फळं आणि रानातलं काय काय तिथे विकायला येतं. वहिनींची टोपली नेहमीच्या दुप्पट होती. सकाळी मी माझ्या दारात गोकुळदासची वाट बघत उभा होतो. त्या दिवशी तो मला न्यायला आला नाही. गाडी समोरून गेली. गोकुळदास ताठ, डावा हात मांडीवर, मान मागे वळवून काहीतरी सांगत. मागे वहिनी, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर टोपली. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "भावोजी, आज बशीन जावा."

एका हातानं त्यांनी टोपली धरली होती, दुसऱ्या हातात पट्टा होता.

गोकुळदास अजून स्टँडवर उभा राहतो. विमला बाई पेन्शनला त्याच्याच गाडीवरून जातात. मी डिचोलीला गेलो की सखाराम मला पट्ट्याची आठवण करून देतो. मी ती गोकुळदासला पोचवतो, आणि तो म्हणतो की पट्टा त्यानं सांगितला नव्हता. वहिनी म्हणतात की गाडी त्यांची नाही.

पट्ट्याचे एकशे ऐंशी रुपये सखारामला अजून द्यायचे आहेत.